चांदी गाईच्या मार्फत

आमच्या घरी मी आणि भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ पुंडलिकराव, एकमेकांशी बोलत नसू. भांडण नव्हतं, रीत होती. सौंसरकडच्या आमच्या गावात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी तोंडावर बोलत नाही. काही सांगायचं झालं की आम्ही दोघं चांदी गाईला सांगायचो. अकरा वर्षं त्या मुक्या जनावराने आमचा कारभार चालवला.

सत्याऐंशी साली भासऱ्यांनी गाईला कळवलं, "चांदे, विहिरीजवळच्या तुकड्यात दोन वर्षं झाले भुईमूग सडून राहिला. यंदा नाई निंघाला तं पुढच्या साली तिथं संत्रा लावतो म्हणावं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो तुकडा कागदावर माझा नव्हता, पण त्यातला दगडन् दगड मी वेचला होता. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

माझा भाऊ गुलाब नागपूरला शेतकी प्रयोगशाळेत कामाला होता. त्याला पत्र टाकलं, तर हा बाबा पिशवीभर हिरवी बुरशी घेऊन बसमधून उतरला.

"ताई, हे चांगली बुरशी हाय. बियातल्या वाईट बुरशीले खाते. आधी दाण्याले कडुनिंबाच्या पाल्याचा रस लाव, सावलीत वाळव. मंग गुळाच्या पाण्यात कालवून हे चोळ."

काट्याने काटा काढायचा, हे मला पटलं. त्याने सांगितलं तसं मी केलं. दाणे हिरवे, चिकट आणि दिसायला अगदी किळसवाणे झाले. टोपलं सावलीत ठेवून मी नवऱ्यासोबत सौंसरच्या बाजाराला निघाले. निघताना बजावलं, "चांदे, टोपल्याले कोणी हात नोका लावू म्हणावं." चांदीने ऐकलं. भासरे तेव्हा आंघोळीला बसले होते.

परत येते तर दाणे अंगणात उन्हात वाळत होते. लख्ख! भासरे गोठ्यात उभे राहून सांगत होते, "चांदे, बियाले बुरा चढला होता. तीन पाण्यानं धुऊन काढलं. कोणाले तं घराची काळजी पाहिजे."

मला रडूच कोसळलं. मोरेश्वर, माझा नवरा, म्हणाला, "जाऊ दे, दादा मोठा हाय." जन्मभर त्याने एवढं एकच वाक्य पाठ केलंय. तेच दाणे पेरले आणि निम्मे सडले.

इकडे भासऱ्यांच्या जंबेरी लिंबाच्या वाफ्यात मात्र नवल झालं. संत्र्याच्या कलमांसाठी ते दरवर्षी जंबेरीचं बी टाकायचे, आणि दरवर्षी निम्मी रोपं माना टाकायची. यंदा एकही पडलं नाही. भासऱ्यांनी अख्खं गाव आणून दाखवलं. म्हणे, हाताला गुण असावा लागतो. आणि ती रोपं जाणार होती माझ्या तुकड्यात!

पोळ्याला गुलाब आला. त्याने एक रोप उपटून मूळ निरखलं. "दादाजी, याच्यात काय टाकलं?"

"काई नाई. ते बी धुतलेलं पाणी. गुळाचं पाणी काऊन फेकाचं?"

गुलाब हसत हसत खालीच बसला. मग त्याने त्या पाण्यातल्या बुरशीचं सगळं समजावून सांगितलं. भासऱ्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. ते गोठ्याकडे वळले. "चांदे, पुढच्या साली ते औषध आणखी मिळन का म्हणावं?"

मी पदर सारखा केला आणि गाईच्या आड न जाता त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मिळन, दादाजी. पण ते भुईमुगाच्या बियाले लावा लागते. पेरल्यावर टोपलं धुतलेलं पाणी तुमचं, वावर माझं."

औषध वाफ्यात नुसतंही टाकता येतं, हे सांगायला गुलाबने तोंड उघडलं होतं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

भासऱ्यांनी चांदीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती.

"बरं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पण टोपलं मी सांगन तवा धुवायचं."