मला ‘लाज’ म्हणू नका

मित्रांनो, आधी तोंड फिरवणं थांबवा, मग ऐका. मी बाईच्या कमरेच्या हाडांचा एक जुना लाकडी नमुना आहे. ग्वातेमालाच्या डोंगरातल्या आमच्या गावात एउलालिया नावाच्या सुइणीने मला देवदारातून कोरून घेतलं. आपल्या जुन्या लाल पोलक्याचं तिने मुठीएवढं गर्भाशय शिवलं. दोन बाजूंना दोन नळ्या लावल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला काळ्या घेवड्याची पुरचुंडी बांधली. ती झाली अंडाशयं.

वीस वर्षं मी सुइणी घडवल्या. बाळाचं डोकं कुठे अडतं, ते त्या माझ्यात हात घालून शिकल्या.

मग मला दवाखान्यात ठेवलं. तिथल्या सिस्टर किंचाळल्याच. “अगं बाई! ही लाज उघडी काय ठेवलीय? पुरुषमाणसं येतात इथे!”

आमच्याकडे कमरेखालच्या साऱ्याला हे एकच नाव आहे, लाज. माझ्यावर मक्याचं रिकामं पोतं पडलं. संताप झाला माझा! गुडघ्याला नाव आहे, घोट्याला आहे, आणि ज्यातून अख्खं गाव जन्मलं त्याला पोतं?

एका सकाळी ओतिलिया आली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. चेहरा पांढराफटक.

“पोटात दुखतंय, सिस्टर.”

“काय खाल्लंस?”

“मक्याच्या पिठाचा तमाल.”

“तेच बाधलं. काढा घे, जा.”

ती काहीतरी बोलणार होती, पण मान खाली घालून वळली. दारात एउलालिया उभी होती. तिने पोरीकडे नीट पाहिलं आणि माझ्यावरचं पोतं खस्सकन ओढलं.

“बोलायला लाजतेस ना? नको बोलूस. बोट ठेव.”

तिचं बोट माझ्या डाव्या नळीवर येऊन थांबलं.

“पाळी?”

“दोन महिने नाही, आजी.”

“सिस्टर, गाडी बोलवा! गर्भ नळीत अडकलाय. कसला तमाल घेऊन बसलात!”

सिस्टर वाईट नव्हत्या. पिकअप त्यांनीच धावत जाऊन आणली. शहरात पोचेपर्यंत नळी फुटली होती. ती काढावी लागली, पण ओतिलिया वाचली.

महिन्याने ती आली. बाकावर पुरुष बसले होते. माझ्यावर बोट ठेवून ती मोठ्याने म्हणाली, “माझी ही नळी गेली. डावी.”

सिस्टरांचा हात सवयीने पोतं शोधू लागला.

“ते मी नेलं, सिस्टर,” दारातून एउलालिया म्हणाली. “घरी मका भरायला हवं होतं.”

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण माझ्या भागांची नावं शिका आणि ती तोंडाने घ्या. शहरातले डॉक्टर म्हणाले होते, आणखी तासभर उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती. लाज वाटायचीच असेल, तर लाजेपायी वाया जाणार होता त्या तासाची वाटू द्या.