तोंडावरचा हात

“काल पुन्हा आली होती,” बाई दारातूनच म्हणाल्या. “आत येऊ का? कामात दिसताय.”

कवळीवाले खरोखरच कामात होते. गुलाबी मेणात वरचे पुढचे दोन दात बसवून झाले होते, तिसरा चिमट्यात होता आणि स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापत होती. अशा वेळी हात हलला की गिऱ्हाईक जन्मभर तिरपं हसतं. पण ‘आली होती’ म्हटल्यावर कुणाचा हात जागेवर राहणार? त्यांनी दात बशीत ठेवला आणि दिव्यावर टोपण घातलं.

“बसा,” ते म्हणाले. “कशी होती?”

बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. शाळा सुटून वर्षं झाली, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. आता त्या अख्ख्या इमारतीला स्वप्नांचे अर्थ शिकवायच्या. उंचावरून पडलात? हातातून काहीतरी निसटतंय, सांभाळा. परीक्षेला बसलात आणि पेपर कोरा? कुणीतरी तुमच्याकडून नको तेवढं मागतंय. पाणी म्हणजे मन, आता ते नितळ की गढूळ ते तुमचं तुम्ही बघा. घरात आजवर न दिसलेली खोली सापडली तर मात्र बाई खूश व्हायच्या. अजून आयुष्यात जागा आहे म्हणायच्या. आणि दात पडले की घरातल्या माणसाची काळजी. हे शेवटचं ऐकलं की कवळीवाले हमखास म्हणायचे, “बाई, दात पडल्याचं स्वप्न पडतं त्यांचं काही बिघडत नाही हो. माझ्याकडे येतात ते सगळे बेसावध झोपलेले.” मग त्यांची बायको आतून हसायची. भांडी घासता घासता हसायची, त्यामुळे भांडीही वाजायची.

ती हसणारी थंडीच्या तोंडाला गेली आणि आता थंडी सरत आली होती.

“तशीच होती,” बाई खुर्चीत टेकल्या. “जिन्यात उभी. तो निळा स्वेटर नाही का तिचा, कोपरावर रफू केलेला, तोच. मी म्हटलं, अगं, ये ना वर, अशी परक्यासारखी काय उभी राहतेस? तर नुसती मान हलवली. अक्षर बोलली नाही.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही. तुमच्या लेकीच्या स्वप्नातही बोलली नाही म्हणे. खाली शिंप्याकडे गेली तिथेही गप्प.”

आता हे ऐकून कवळीवाल्यांच्या जिवाला काय होत असेल ते कुणी विचारू नये. लेकीकडे गेली, बरोबर आहे, पोटची पोर. बाईंकडे गेली, मैत्रीण आहे. पण शिंप्याकडे? त्या माणसाने तिचा एक झंपर वेळेवर दिला नाही कधी! आणि जिच्याबरोबर उभा जन्म काढला, जिच्या बाजूची उशी त्यांनी अजून हलवली नाही, त्या नवऱ्याकडे यायला हिला वाट सापडत नव्हती. त्यांना स्वप्नं पडत नसत हे खरं. डोकं टेकलं की ओंडका, असं तीच म्हणायची. तिला मात्र रोज पडायची आणि सकाळी सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. ते वर्तमानपत्राआडून हूं हूं करायचे. आता त्यांना एक स्वप्न हवं होतं. फार नको, एकदा यावं, दोन घटका बसावं. त्यासाठी बाईंनी सांगितलं ते सगळं करून झालं होतं. हलकं जेवले, उशीखाली तिचा रुमाल ठेवला, तिच्या बाजूला झोपून पाहिलं. ओंडका तो ओंडकाच.

“याचा अर्थ सरळ आहे, भाऊजी,” बाई पुढे सरकून म्हणाल्या. “तोंड झाकलेलं माणूस दिसलं की समजावं, सांगायचं काहीतरी राहून गेलंय. आठवून बघा बरं.”

“तोंड झाकलेलं?”

“म्हणजे काय! बोलले नाही का मी? तोंडावर हात होता. सगळ्यांना तशीच दिसतेय. हे असं.” आणि बाईंनी तळहात ओठांवर आडवा ठेवून, करंगळी जराशी वर उचलून दाखवलं.

ती करंगळी कवळीवाल्यांच्या ओळखीची होती. भल्या पहाटे अवेळी दार वाजलं, की ती असाच हात धरून दार उघडायची.

“बाई,” ते म्हणाले. “काही राहिलेलं नाही सांगायचं. तिच्या तोंडात दात नाहीत.”

बाईंना काही कळेना. कळणार कसं? ती कवळी लावते हे इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. हिरड्यांच्या आजाराने तिचे दात लवकर गेले. ती तेव्हा तशी तरुणच होती, आणि नवऱ्याचा धंदा हा. ती म्हणाली होती, “लोक म्हणतील, बायकोचे पाडले आणि दुकान टाकलं.” म्हणाली हसत, पण त्या रात्री उशी ओली होती. त्यांनी मग जीव ओतून तिची कवळी केली. एका ओळीत, एका उंचीचे, बघत राहावेत असे दात. तिने लावली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, “ही कोण बया?”

“का? चांगली तर झालीय.”

“झालीय हो चांगली. पण माझा डावीकडचा कुठाय?”

तिचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता. आयुष्यभर तिने त्याला नावं ठेवली होती. आता तोच हवा म्हणून हटून बसली. कवळीवाल्यांनी मुकाट्याने सगळं सोडवलं, पुन्हा मेण घेतलं आणि एक दात मुद्दाम वाकडा बसवला. उभ्या धंद्यात त्यांनी असं काम ना आधी केलं ना नंतर. ती कवळी लावून ती हसली तेव्हा त्यांना आपली बायको परत मिळाली.

पण कवळी काढलेलं तोंड तिने त्यांना कधी दाखवलं नाही. त्यांना! ज्यांनी गावभरची बोळकी तोंडं बोटं घालून तपासली होती त्यांना. रात्री दिवा मालवल्यावर ती कवळी काढून वाटीत पाण्यात ठेवायची आणि सकाळी उठायच्या आधी म्हणायची, “भिंतीकडे वळा.” ते वळायचे. पाण्याचा डुबुक असा आवाज यायचा, मग जरा वेळ काही नाही, आणि मग, “झालं. वळा.” ते वळायचे तेव्हा ती दातांसकट, केस सारखे करून बसलेली असायची. आधी ते चेष्टा करायचे, “अगं, मी डॉक्टरच आहे म्हण की.” ती म्हणायची, “डॉक्टर असाल त्या खोलीत. या खोलीत नवरा आहात.” नंतर चेष्टा संपली आणि सवय राहिली. उन्हाळा असो, ताप असो, भांडण झालेलं असो, सकाळ व्हायची ती भिंतीकडे तोंड करूनच.

हे सगळं त्यांनी बाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “कवळी होती तिला. मीच केलेली. हॉस्पिटलात नळी घालायच्या आधी नर्सने काढली आणि डबीत घालून माझ्या हातात दिली. मी शर्टाच्या खिशात ठेवली.”

“मग?”

“मग काय, बाई. खिशातच राहिली.”

बाईंनी डोळे मोठे केले.

“नेताना कुणीतरी म्हणालं, आजाराने किती ओढलीय हो, गाल बघा कसे आत गेलेत. मीही मान डोलावली. दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघून पोट भरणारा माणूस मी. समोर बायकोचं तोंड बसलेलं आहे, ओठ आत गेलेत, आणि मी म्हणतोय, हो, ओढलीय.” त्यांनी नकळत शर्टाचा खिसा चाचपला. “शर्ट धुवायला काढला तेव्हा डबी हाताला लागली. तोवर सगळं आटपलं होतं. जिने मला एक दिवस ते तोंड दिसू दिलं नाही, तिला मी सगळ्या गावासमोर तशीच नेली. आता ती माझ्याकडे कशी येईल? सांगा ना. तुमच्याकडे येते, हात धरून का होईना येते. माझ्यासमोर तशी नाही येणार ती. मेली तरी नाही येणार.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना रडू कोसळलं. मोठा माणूस, समोर मेणाची सुरी, हमसून हमसून रडत होता. बाईंनी टेबलावरचं मेणाचं सांडलेलं चूर उगीचच बोटाने गोळा केलं. मग म्हणाल्या, “चहा टाकते,” आणि परक्या घरात शिरल्यासारख्या दबकत आत गेल्या. साखर सापडली नाही तरी विचारायला बाहेर आल्या नाहीत. दोघांनी बिनसाखरेचा चहा प्यायला आणि एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी कवळीवाल्यांनी कामाच्या टेबलाचा खालचा खण उघडला. डबी काढली. कवळी पाण्याबाहेर राहून राहून कोरडी पडली होती. त्यांनी ती मऊ ब्रशने घासली. खरं म्हणजे घासायला काही नव्हतं, ती फार स्वच्छ बाई. डावा सुळा जागच्या जागी वाकडा होता. तिची वाटी मांडणीत मागे गेली होती, ती शोधून धुतली, पाणी भरलं आणि तिच्या बाजूच्या स्टुलावर, ती ठेवायची तिथेच ठेवली. दिवा मालवून भिंतीकडे तोंड केलं. मनाशी म्हणाले, मी बघत नाहीये, तू ये.

सकाळी जाग आली. नेहमीसारखा ओंडकाच झोपला होता. तरी ते वळले नाहीत. बराच वेळ तसेच पडून राहिले, आणि मग उठून वाटीतलं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढेही तेच.

असा आठवडा गेला असेल. एका सकाळी ते सुळ्याला पॉलिश करत बसले होते, कुणा दुसऱ्याच्या, आणि लेकीचा फोन आला. ती दूर असते, लहान मूल आहे, नोकरी आहे, फोन येतो तो रविवारी. आज रविवार नव्हता.

“बाबा, आई आली होती.”

“हो?” त्यांनी मशीन बंद केलं. “कशी होती गं?”

“छान होती. बाबा, ऐका ना, आज हात नव्हता तोंडावर.”

कवळीवाले खुर्चीवर सरळ झाले. “नव्हता?”

“नव्हता. हसली. खळखळून हसली, दात दिसले सगळे. इतकी छान दिसत होती म्हणून सांगू!”

“दात कसे होते?” फोन दोन्ही हातांनी धरला होता त्यांनी.

“कसे म्हणजे? मस्त. मोत्यासारखे हो, एका ओळीत. तुम्ही काळजी नका करू बाबा. ती खूश आहे. मी बघितलं ना डोळ्यांनी.”

फोनवर नातवाची खेळण्यातली गाडी कुठेतरी आपटत होती.

बाईंच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना माहीतच होतं. लेकीला फोन गेला असणार. आणि लेक बिचारी, तिकडे बसून बापाला द्यायला दुसरं काय देणार? एक स्वप्न दिलं. आईचं हसू तिने लहानपणापासून पाहिलं होतं, पण पाहताना कोण दात मोजतं? आईच ती, सगळं सरळच दिसतं. तिचा राग आला नाही त्यांना. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, लहानपणी ताप आला की घ्यायचे तसं.

“बाबा? आहात ना?”

“आहे ना. बरं झालं गं, पोरी,” ते म्हणाले. “फार बरं झालं सांगितलंस. जिवाला घोर होता.”

“आता झोपाल ना नीट?”

“झोपेन की. मला झोपायची काय अडचण आहे? मी ओंडका.”

लेक हसली. तिने घाईघाईने फोन ठेवला. दुपारी बाई जिन्यात भेटल्या आणि अगदी साळसूदपणे म्हणाल्या, “काय भाऊजी, काही खबर?” कवळीवाल्यांनी सांगितलं, लेकीच्या स्वप्नात आली होती, चांगली हसली. बाई म्हणाल्या, “बघा! हसणारं माणूस दिसलं म्हणजे सुटलं. आता काही राहिलं नाही.” कवळीवाले म्हणाले, “तुम्ही म्हणता तर तसंच असेल,” आणि बाईंची भाजीची पिशवी वरपर्यंत नेऊन दिली.

संध्याकाळी त्यांनी वाटी घासली, ताजं पाणी घेतलं, कवळी त्यात सोडली आणि स्टुलावर ठेवली. वाकडा दात वर येईल अशी ठेवली.

सकाळी खिडकीतून उजेड आला. खाली शिंप्याने दुकानाची फळी वर उचलल्याचा आवाज झाला. कवळीवाले भिंतीकडे तोंड करून जागे होते. भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर, रंगाचा एक पोपडा निघाला होता. इतक्या वर्षांत त्यांनी या घरात दुसरं काही इतकं जवळून पाहिलं नव्हतं. मागे सगळं शांत होतं. ते आणखी थोडा वेळ थांबले, बाईमाणूस, केस सारखे करायलाही वेळ लागतो.

मग मान न वळवता त्यांनी हलकेच विचारलं, “झालं का गं? वळू?”