एकतीस वर्षांचं ताश्कंद

नोरकुलने एकतीस वर्षं कार्शी–ताश्कंद बस चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने घरी ताश्कंदबद्दल जेवढं सांगितलं तेवढं ताश्कंदच्या माणसांनाही ठाऊक नसेल. टॉवरवर उभं राहिलं की ढग कसे हाताला लागतात, मेट्रोच्या स्टेशनात झुंबरं कशी लखलखतात, चोरसू बाजाराच्या निळ्या घुमटाखाली बदामवाल्या बायका कशा हमरीतुमरीवर येतात, बागेतल्या तळ्यात दगडी हत्ती सोंडेने पाणी कसं उडवतो. पोरं घास तोंडात तसाच धरून ऐकायची. बायको, सनोबर, मात्र अशा वेळी उठून भांडी आवरायला लागायची.

तो निवृत्त झाला तेव्हा थोरल्या मुलीने, गुलचेहराने, नवरोजच्या सुट्टीत रेल्वेची तीन तिकिटं काढून आणली.

"बाबा, आता आईला ताश्कंद दाखवून आणा. झेबीलाही न्या, तिला सुट्टीच आहे. तुमच्यापेक्षा चांगला वाटाड्या कुठे मिळणार?"

नोरकुलला चहाचा असा ठसका लागला की सनोबरला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

कारण खरी गोष्ट अशी होती की नोरकुलला ताश्कंद अजिबात माहीत नव्हतं. त्याला ताश्कंदचा बस-अड्डा माहीत होता. अड्ड्याशेजारचा चहावाला माहीत होता, टायरचं दुकान माहीत होतं, आणि हात-तोंड धुवायचा नळ. दुपारी पोचायचं, बस धुवायची, इंजिन बघायचं, मागच्या सीटवर आडवं व्हायचं आणि पहाटे परत निघायचं. बस सोडून जायचं नाही, असा मालकाचा दम होता. पहिल्या खेपेहून तो परतला तेव्हा चार वर्षांच्या गुलचेहराने विचारलं, "बाबा, काय काय पाहिलं?" टायर पाहिले, असं लेकराला कसं सांगायचं? चहावाल्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावरचा टॉवर त्याने सांगून टाकला. पुढच्या खेपेला प्रवाशांच्या गप्पा होत्या. मग ते थांबलंच नाही.

गाडीत झेबी खिडकीला नाक लावून बसली होती. गुलचेहराची ही मुलगी दहा वर्षांची. आजोबांना ती बोबो म्हणे आणि आजीला मोमो. दर पाच मिनिटांनी तिचा प्रश्न ठरलेला. "बोबो, आधी टॉवर की आधी हत्ती?"

"आधी सामान ठेवू," नोरकुल म्हणायचा. त्याने रात्रभर जागून जावयाच्या फोनवर शहराचा नकाशा पाठ करायचा प्रयत्न केला होता. आता डोळे मिटले की सगळ्या रेघा एकमेकींत गुंतत होत्या.

स्टेशनाजवळच्या लॉजवर पिशव्या टाकून तिघं मेट्रोत उतरले. सनोबरने ठेवणीतला जरीचा रुमाल डोक्याला बांधला होता आणि नवे बूट घातले होते. ते बूट पहिल्या जिन्यावरच चावायला लागले. फलाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या येत होत्या. नोरकुलने घसा खाकरला आणि डावीकडे बोट केलं. "ही चोरसूची."

गाडीत बसल्यावर दर स्टेशनाला माणसं उतरत गेली, चढलं मात्र कुणी नाही. शेवटी डब्यात तिघंच उरले आणि एक सफाईवाली बाई आली.

"खोला, उतरा आता. शेवटचं स्टेशन," ती सनोबरला म्हणाली. खोला म्हणजे मावशी.

"चोरसू ना?" सनोबरने विचारलं.

"चोरसू? अगं बाई, चोरसू पार त्या टोकाला. उलट्या गाडीत बसलात की तुम्ही."

सनोबर नवऱ्याकडे वळली. नोरकुल छताकडे बघत होता. "रस्ता बदललाय," तो म्हणाला. "आमच्या वेळी असं नव्हतं."

"मेट्रो पण बदलते, बोबो?" झेबीने विचारलं.

"सगळंच बदलतं, पोरी."

चोरसूला पोचेपर्यंत दीड तास गेला. निळा घुमट मात्र खरोखरच होता, आणि खरोखरच निळा होता. तो दिसल्यावर नोरकुलला एवढा आनंद झाला की तो मोठ्याने म्हणाला, "बघ! आहे की नाही!" सनोबरने त्याच्याकडे चमकून पाहिलं. एकतीस वर्षं पाहिलेली वस्तू जागेवर सापडल्याचा आनंद माणसाला एवढा होतो कशाला, हे तिला कळेना.

आत बदामवाल्या होत्या. भांडत नव्हत्या. उलट एकीने झेबीच्या ओंजळीत मूठभर मनुका टाकल्या आणि सनोबरला ताईच्या नात्याने म्हणाली, "ओपा, बूट काढून घाला सपाता, किती लंगडताय!" सनोबरने तिथेच रबरी सपाता घेतल्या, नवे बूट पिशवीत कोंबले आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. तिने हलवा चाखला, जिरं हुंगलं, गोल नानांच्या ढिगापुढे उभी राहून "आमच्या कार्शीच्या नानाला याच्यापेक्षा जास्त तीळ असतात" असं त्या नानवाल्यालाच सुनावलं.

"मग कार्शीहून घेऊन यायचे होते, खोला," तो हसत म्हणाला. "मीही खाल्ले असते."

तीन वाजत आले तेव्हा सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. "आता पुलाव!" झेबी म्हणाली. "बोबोंचा टॉवरखालचा पुलाव!"

हा पुलाव म्हणजे नोरकुलच्या गोष्टींमधला राजा. माणूस आत बसून अंघोळ करेल एवढ्या कढया, घोड्याच्या मांसाचे काप, वर लाव्याची अंडी. हजार वेळा खाल्लाय, असं तो सांगायचा. या वेळी त्याने शहाणपणा केला आणि टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने बरोबर टॉवरजवळ आणून सोडलं. कढया होत्या. सांगितल्या होत्या तेवढ्याच होत्या. आणि त्यातल्या एकीत एक दणकट गडी अनवाणी उतरून काथ्याने तळ घासत होता.

"पुलाव?" नोरकुलने विचारलं.

गड्याने कंबर सरळ केली आणि थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "आता? आका, पुलाव दुपारी एकलाच संपला. दोननंतर ताश्कंदात कुणी पुलाव मागतं का?" त्याने सपाता घातलेल्या सनोबरकडे, मग झेबीकडे पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "पहिल्यांदाच आलात वाटतं?"

नोरकुलने तोंड उघडलं. काहीतरी तयार होतं तिथे. आमच्या वेळी संध्याकाळपर्यंत मिळायचा, असलं काहीतरी. पण त्या माणसाच्या घामेजलेल्या भाबड्या चेहऱ्याकडे बघून ते बाहेरच पडेना.

"हो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

झेबीला ती थट्टा वाटली, ती हसली. सनोबर हसली नाही.

रस्त्यापलीकडे तंदूर होता. तिथून गरम सोमसे, म्हणजे तंदुरात भाजलेले मांसाचे समोसे, घेऊन तिघं टॉवरसमोरच्या बाकावर बसले. झेबी कारंज्याकडे पळाली. सनोबरने सोमसा हातातच धरून ठेवला.

"खरं सांगा," ती म्हणाली.

नोरकुलने सगळं सांगितलं. अड्डा, टायर, नळ, मागची सीट, कॅलेंडर. सांगताना तो कारंज्याकडेच बघत राहिला. "एकदा जाणार होतो टॉवर बघायला. सहकारी म्हणाला, जा, मी थांबतो. मग पाऊस आला, झोप लागली. नंतर राहूनच गेलं."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग जेवायचात कुठे?"

"तू दिलेला नान असायचा की. आणि चहा."

सनोबरने हातातला सोमसा मांडीवर ठेवला. ती रडते आहे की काय, अशी नोरकुलला धास्ती वाटली.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली, "मी तुमच्यावर जळत होते. ठाऊक आहे? सासूबाई अंथरुणाला, तीन पोरं, दावणीला गाय. कार्शीचा बाजार करून आले तरी मला जग फिरल्यासारखं वाटायचं. आणि तुम्ही यायचात नि सांगायचात, आज झुंबरं पाहिली, आज पुलाव खाल्ला. मी गोठ्यात बसून म्हणायचे, मजा आहे या माणसाची! म्हणून तर तुम्ही परत आलात की त्या दिवशी मी मुगाची पातळ पेज करायचे."

नोरकुलने मान वळवली. "म्हणून?"

"मग कशासाठी? तिकडे मांस हादडून आलाय, आता खा म्हटलं पेज! मुद्दाम. मीठसुद्धा कमी घालायचे."

"मला वाटायचं," नोरकुल सावकाश म्हणाला, "लांबच्या प्रवासाने पोट बिघडतं म्हणून तू हलकं करतेस. मी अड्ड्यावर सगळ्यांना सांगायचो. म्हणायचो, माझ्या बायकोसारखी काळजी कुणाची बायको घेत नाही."

सनोबरने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं, पण उपयोग झाला नाही. ती अशी हसली की शेजारच्या बाकावरचे म्हातारबुवा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबायला बराच वेळ लागला. नोरकुलला हसावं की नको ते कळेना. मग तोही हसला.

"वाईट वाटतं हो," तिने डोळे पुसले. "कोरडा नान खाऊन यायचात आणि वर माझी अळणी पेज."

"चांगली लागायची," नोरकुल म्हणाला. ते मात्र खरंच होतं.

"बरं," सनोबरने सोमश्याचा पहिला घास घेतला, "आता तुम्ही गप्प बसा. आता मी विचारते लोकांना."

आणि तिने विचारलं. पोलिसाला विचारलं, आइस्क्रीमवाल्याला विचारलं, कॉलेजच्या दोन मुलींना थांबवून विचारलं. त्या मुली तर तिला मेट्रोच्या दारापर्यंत सोडायला आल्या. अर्ध्या तासात तिघं पाळण्यांच्या त्या नव्या बागेत होते, जिथे जायचं म्हणून झेबीने आठवडाभर घरात कुणाला झोपू दिलं नव्हतं. रंगीत किल्ला, साखरेचा गुलाबी कापूस, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि सगळ्यांच्या वर लोखंडी रुळांवरून किंचाळत जाणारी गाडी.

"ती!" झेबी म्हणाली.

नोरकुलने मान वर करून दोन फेऱ्या नीट पाहिल्या. "चालवतं कोण?"

"कुणीच नाही, बोबो. आपोआप चालते."

"ड्रायव्हर नाही?"

"नाही."

"ब्रेक कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही!"

"मग मी नाही बसत. ड्रायव्हर नसलेल्या गाडीत बसायला मला वेड लागलेलं नाही."

"मी बसते," सनोबर म्हणाली. तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली, रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढेमागे सगळी पंधरा-सोळाची पोरं. एकाने वाट करून दिली, "या आजी, पुढे या." नोरकुल कठड्याबाहेर थोडा वेळ उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की बायको एकटीच त्या वाटेला निघाली आहे आणि आपण मागे राहिलो आहोत. तो धावत रांगेत घुसला. पोरांनी त्यालाही जाऊ दिलं.

वर चढताना गाडी टकटक करत हळू गेली, तोवर ठीक होतं. शहर सगळं दिसत होतं. जर्दाळूची झाडं नुकती फुललेली, मधे ओले रस्ते, लांब तो टॉवर. "अहो, बघा!" सनोबर ओरडली. तेवढ्यात तळ सुटला.

पुढचं नोरकुलला नीटसं आठवत नाही. त्याचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. सगळं बळ लावून दाबत होता आणि गाडी ऐकत नव्हती. प्रत्येक वळणाआधी तो ओरडत होता, "सावकाश! अरे सावकाश!" शेजारी सनोबर दोन्ही हात वर करून, आयुष्यात कधी ओरडली नसेल तशी ओरडत होती, आणि पुढच्या सीटवर झेबी हसून हसून वाकली होती. एका वळणावर नोरकुलच्या पायात गोळा आला. दाबणं त्याला जमेचना. त्याने पाय सोडून दिला. गाडी होती तशीच धावत राहिली, वळली, वर गेली, खाली आली, आणि त्याला काहीच करावं लागलं नाही. वारा तोंडात शिरत होता. सनोबरचा रुमाल फडफडत त्याच्या गालावर येत होता.

खाली उतरल्यावर तो पोटरी चोळत बाकावर बसला.

"पुन्हा?" झेबीने विचारलं.

"पुन्हा," सनोबर म्हणाली. रुमाल तिच्या गळ्यात उतरला होता आणि केस पिंजारलेले होते. नोरकुलला ती क्षणभर ओळखूच येईना.

तेवढ्यात गुलचेहराचा फोन आला. सनोबरने नवऱ्याकडे बघितलं आणि फोन त्याच्याच हातात दिला.

"बाबा! कसं चाललंय? आईला हत्ती दाखवला का?"

नोरकुलने खोल श्वास घेतला. "गुलचेहरा, मी हत्ती पाहिलेलाच नाही. काहीच पाहिलेलं नाही. मी अड्ड्यावर झोपायचो. कोणीतरी प्रवासी सांगत होता हत्तीचं, तेही कुठल्या शहरातलं कोण जाणे."

"बाबा! मी शाळेत त्या हत्तीवर निबंध लिहिला होता!"

"किती मिळाले?"

"पाचपैकी पाच! बाईंनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवला."

"मग," नोरकुल म्हणाला, "बाईंना सांगू नकोस."

फोनमधून हसण्याचा असा स्फोट झाला की झेबीलाही ऐकू गेला. ती आजीचा हात ओढत होती, रांग वाढत चालली होती. सनोबरने सपाता पायातून काढून नवऱ्याच्या शेजारी ठेवल्या, पिशवी त्याच्या मांडीवर दिली, आणि अनवाणीच नातीबरोबर पळाली.

"खोला, सपाता!" दारावरच्या मुलाने अडवलं. "अनवाणी चालत नाही."

"अहो!" सनोबरने लांबून हाक मारली. "आणा इकडे! आणि तुम्हीही या!"

नोरकुल सपाता हातात घेऊन लंगडत निघाला.