पाहुणे आले की मी शहाणा

मी राउटर. इंटरनेटचा डबा म्हणा हवं तर. कारखान्यातून पास होऊन निघालो होतो, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं. पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

नारीन या डोंगरातल्या गावी बुरुलचा नावाच्या आजीबाईंच्या, म्हणजे आपांच्या घरी मी आलो तो कुबातसाठी. कुबात त्यांचा मुलगा, कामाला कोरियात. लेक आयिमा जन्मली तेव्हाही तो तिकडेच. रोज संध्याकाळी फोनवर बायको-लेकीला बघायचा, ते माझ्या जिवावर.

आपांनी मला मोठ्या पेटीवर ठेवलं आणि वरून-पुढून बसायच्या गाद्यांची चळत रचली. आमच्याकडे घराची अब्रू त्या चळतीवरून ठरते. तिच्यात तारा न् लुकलुकते दिवे दिसून कसं चालेल? मी आत घुसमटायचो, तापायचो आणि बोलणं रंगात आलं की बंद पडायचो. निवलो की पुन्हा सुरू.

बोल मात्र सुनेला, आयकनीशला.

"नवरा काही विचारायला लागला की बरं तुटतं गं!"

"आपा, मी हातसुद्धा लावला नाही."

"हो, भुतं येऊन तोडतात!"

एकदा कुबातनंही विचारलं, "खरं सांग, तूच बंद करतेस ना?" तिचं उत्तर पोचायच्या आत मी गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुरुस्तीवाला मिरलान दोनदा आला. दारात आला तो पाहुणा. लगेच गाद्या उतरल्या, अंथरल्या, चहा आला. मला वारा लागला आणि मी गुणी बाळासारखा चालू! "याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे," मिरलान म्हणाला, वायर बदलून गेला. गाद्या परत चढल्या. आपांनी सुनेकडे असं बघितलं की बस!

मग तो दिवस. आयिमा भिंत सोडून उभी राहिली. फोनवरून कुबात "ये, ये माझ्या राणी" करतोय. तिनं पाऊल उचललं आणि मी बंद. बापाला ते दिसलंच नाही.

"पोरीचं पाऊलसुद्धा दाखवलं नाहीस!" आपा कडाडल्या. आयकनीशनं सकाळी गाठोडं बांधलं. "मी माहेरी जाते, आपा."

तेवढ्यात पुन्हा बोलावलेला मिरलान दारात, घाईत. "बसत नाही आपा, नुसती भाकरी चाखतो." भाकरी न चाखता दारातून परतायचं नसतं. तुकडा तोंडात टाकून त्यानं थेट गाद्यांमागे हात घातला आणि ओरडलाच, "अगं आई गं! हा तर तव्यासारखा तापलाय! याला इथं पुरलंय कुणी?"

आपा लालबुंद झाल्या. माफी मागणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी सगळ्यात वरची, पाहुण्यांसाठी राखलेली गादी काढली, मानाच्या जागी अंथरली आणि सुनेच्या हातातलं गाठोडं घेतलं.

"बस. रोज तू ओततेस, आज चहा मी ओतते."

आता मी खिडकीत आहे, उघडा. महिनाभरात एकदाही बंद पडलो नाही. आयिमा घरभर पळते, कुबात बघतो. तरी मधेच विचारतो, "पहिलं पाऊल कसं टाकलं होतं गं?" आयकनीश पुन्हा पहिल्यापासून सांगते. मी तिचा एक शब्द सांडू देत नाही. तेवढंच आता माझ्या हातात आहे.