आवणीच्या चित्रासमोरचा बाक

बसा, संकोच करू नका. मी सागाचा बाक आहे आणि बसलेल्या माणसाशीच मला मोकळेपणानं बोलता येतं.

१९७८ साली नाशकातल्या एका नव्या कलादालनासाठी हारुन सुताराने मला घडवलं, तेही एकही खिळा न मारता. त्याची परीक्षा एकच. बायकोला, नूरबानोला, माझ्यावर बसवायचं आणि उठायला सांगायचं. तिचा हात गुडघ्याला टेकला की हारुन माझे पाय काढून बोटभर उंच नवे बसवायचा. "हात टेकून उठावं लागलं तर माझी मजुरी हराम," म्हणायचा. असे तीनदा पाय बदलले.

दालनात मला भाताच्या आवणीच्या मोठ्या चित्रासमोर ठेवलं; चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाया. उद्घाटनाला संचालकसाहेब माझ्यावर दहा मिनिटं बोलले. आसन हेही कलेचं अंग आहे, वगैरे. स्वतः मात्र मांडववाल्याकडून आणलेल्या लाल सोफ्यावर बसले.

राखणीला भिमाबाई होती, इगतपुरीकडची. दहा ते सहा उभी. दिवसाकाठी प्रेक्षक पाच-सहा, त्यातले दोघे पंख्याखाली टेकायला आलेले. एरवी मी रिकामा आणि ती उभी, कारण कर्मचाऱ्यानं प्रेक्षकांच्या आसनावर बसायचं नाही असा नियम होता. रोज ती मला पुसायची, तेव्हा तिचे सुजलेले घोटे बघून मला माझ्या पॉलिशची लाज वाटायची.

एका दुपारी ती बसली. नेमके साहेब मुंबईच्या चार समीक्षकांना घेऊन आत आले.

"काय चाललंय हे? उद्यापासून घरीच बसायचंय का?"

भिमाबाई उठली. गुडघ्याला हात न लावता उठली, एवढं हारुनसाठी सांगून ठेवतो.

"चित्र बघत व्हते, साहेब."

"असं? मग सांगा पाहुण्यांना, काय दिसलं?"

पाहुणे आधीच हसायला लागले होते.

"लावल्याली रोपं ह्या बायांच्या पाठीमागं हायेत. म्हंजी ह्या पुढं चालत आवणी करत्यात. आमी मागं मागं सरतो. नायतर लावलेलं आपल्याच पायाखाली येतं. ह्यांनी समदं तुडवलंय."

चौघे चित्राजवळ गेले, वाकून बघून आले. याच चित्रातल्या 'मातीच्या अस्सल अनुभूती'वर साहेबांनी एक पुस्तिका छापली होती. पाहुणे पुन्हा हसले, पण आता भिमाबाईला नाही.

तिची नोकरी वाचली. तिला काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगताना चित्राचा विषय निघाला असता. साहेब हुशार, त्यांनी मला काढलं. बसायला मिळालं की माणसं नको तेवढं बघतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आता सत्याऐंशी साल चालू आहे आणि मी त्यांच्या खोलीबाहेर असतो. भेटीसाठी ताटकळणारे चित्रकार माझ्यावर बसतात. उठताना त्यांना हात टेकावा लागत नाही. वाकावं लागतं, पण ते आत गेल्यावर.

तुमचीही पाळी लवकर येणार नाही. तोवर दालनात एक चक्कर मारा. चित्र तिथंच आहे, भिमाबाईही. तिच्याशेजारी उभं राहून ते नीट बघा. पाच मिनिटांत तुमचे पाय भरून येतील. ती नऊ वर्षं उभी आहे.