टाळ्यांचा काटा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही स्वतःच्या तोंडानं नाही, आमच्या हातांनी बोललात. आरोग्य खात्याच्या खुर्चीत बसून तुम्ही भरल्या सभागृहाला त्याच्याच टाळ्यांनी फसवलंत. कसं, ते सगळ्यांना कळू द्या.

त्या संध्याकाळी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वस्तीच्या दवाखान्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे म्हणे लोकच ठरवणार होते. मंचावर माणसाच्या उंचीची तबकडी, तिच्यावर लाल काटा, समोर उभा माइक, मागे पडदा. शेजारी खात्यानं आणलेला निवेदक. मध ओघळावा तसा बोलायचा. मागच्या बाकांवर त्याचं बारसंही होऊन गेलं होतं: साखरबुवा.

"मायबाप, मी कोण? कुणी नाही. खातं कोण? कुणी नाही. हे यंत्र तुमच्या मनातलं ऐकतं. टाळी वाजवा, काटा बोलेल. काटा बोलेल तसं खातं चालेल. दवाखान्यावर माया आहे ना?"

टाळ्या पडल्या, काटा सरसर चढला. लोक हरखले. एका आजोबांनी तर काट्याला हात जोडले.

शिंपीणकाकू तिसऱ्या रांगेत होती. शेजारी दिवस भरत आलेली लेक. पहिल्या खेपेला पोरीचं रक्त थांबेना, तेव्हा दवाखान्यातलं बाळंतघर हाकेच्या अंतरावर होतं म्हणून ती वाचली. मूल नाही वाचलं. आता, साहेब, तुम्हाला ते बाळंतघर बंद करून फिरता दवाखाना आणायचा होता. म्हणजे एक गाडी. मंगळवारी सकाळी येणार, दुपारी जाणार.

"पोटातल्याला सांगून ठेव गं," मागून दूधवाली म्हणाली, "यायचं तर मंगळवारी, जेवणाआधी."

लेक हसली. काकूला हसू आलं नाही.

"बाळंतघर राहावं?" साखरबुवानं विचारलं. काकूनं तळवे लाल होईतो टाळ्या पिटल्या. सगळ्या बायकांनी पिटल्या. काटा तिसावर येऊन दमला.

"फिरता दवाखाना यावा?" पुढच्या रांगेनं, म्हणजे खात्याच्याच माणसांनी, टाळ्या दिल्या. काटा नव्वदावर.

मग लोकांनी संशय घेतला, पण काट्यावर नाही, एकमेकांवर. "तू नुसते हात चोळलेस." "तुझ्या काखेत पिशवी होती, मी बघितलं." दूधवाली काकूलाच म्हणाली, "पोर तुझी, अन् जोर आम्ही लावायचा होय?" काकू आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. तिला वाटलं, आपणच कमी पडलो.

"वहिनी," शेजारी बसलेला तिचा दीर पुटपुटला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. "काटा टाळ्यांच्या आधी हलला."

"म्हणजे काय, भाऊजी?"

"दूध आधी उतू गेलं, चूल मागून पेटली. बघू तरी."

तो मंचावर चढला आणि त्यानं माइक उचलला. वायर मागोमाग आली. सतरंजीखालून सरपटत सगळीच्या सगळी आली. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

"मास्तर, यंत्र नाजूक आहे," साखरबुवा आडवा आला.

मास्तरांनी सुटा माइक तसाच हातात धरून जोरात विचारलं, "फिरता दवाखाना यावा?" टाळी एकही पडली नाही. काटा मात्र नव्वदावर गेला.

मास्तरांनी पडदा सारला. मागे भिंतीकडे तोंड करून खात्याचा कारकून बसला होता. हातात पंख्याच्या रेग्युलेटरसारखं बटण. प्रश्न कानावर पडला की तो ते फिरवायचा. बाळंतघराला थोडं, गाडीला भरपूर.

सभागृह हसून हसून लोळलं. तेवढ्यात तुम्ही उठलात, साहेब, आणि अगदी शांतपणे म्हणालात, "यंत्र प्रतीक होतं. तुम्ही आलात, सहभाग झाला. बाळंतघराचा निर्णय आधीच झालेला आहे."

"मग बोलावलंत कशाला?" दूधवालीनं विचारलं.

"तुमचं मत घ्यायला."

हसू जागच्या जागी विझलं. बाहेर पडताना दूधवाली मास्तरांना म्हणाली, "काटा होता तोवर जास्त टाळ्या वाजवू असं तरी वाटत होतं. आता काय वाजवायचं?"

त्याच आठवड्यात बाळंतघरातली खाट टेम्पोत चढली आणि दाराला कुलूप लागलं. काकू रस्त्यात उभी राहून बघत होती. अडवायला गेली, तर शिपाई म्हणाला, "मावशी, तुम्हीच टाळ्या वाजवल्यात ना?"

लोकहो, अंगारा देणारा बाबा तुम्ही लांबून ओळखता. पण तुमचा आवाज मोजून दाखवतो म्हणणारा कोट घालून येतो, तेव्हा हात जोडता. टाळी वाजवण्याआधी वायर कुठे जाते ते बघा. निर्णय कधी झाला ते विचारा. आणि पडलेल्या मताचा दोष शेजाऱ्याच्या तळव्यांना देऊ नका.

लेकीनं विचारलं, "आई, बुधवारी कळा सुरू झाल्या तर?" काकूनं मास्तरांकडे बघितलं. विज्ञानाला लबाडी पकडता येते, कुलूप उघडता येत नाही. किल्ली तुमच्याकडे आहे, साहेब. तेव्हा तुम्हीच सांगा, आणि या वेळी स्वतःच्या तोंडानं सांगा: बुधवारी तिनं कुठं जायचं?