भिंगरीचे अडीच किलो

मित्रांनो, कुस्तीच्या हॉलमध्ये शिरलात की डाव्या हाताला, चपलांच्या मांडणीशेजारी जो जुना वजनकाटा उभा आहे, तो मीच. माझा हिरवा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि पाय ठेवायची फळी मध्यभागी गुळगुळीत झाली आहे. पण माझा काटा अजून तसूभरही चुकत नाही. ही बढाई नाही. हीच माझी जन्माची खोड आहे आणि तिच्यापायीच माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

एका लहानशा कारखान्यात म्हाताऱ्या कारागिराने माझी स्प्रिंग बसवली आणि तबकडीवर आकडे रंगवले. पहिली काही वर्षे मी पार्सलांच्या कचेरीत काढली. खोकी, ट्रंका, शिलाई मशीन, एकदा तर पिंजऱ्यासकट एक रागावलेला पोपट. पुढे तिथे नवे यंत्र आले, मी अडगळीत गेलो, आणि मुलांना कुस्ती शिकवणाऱ्या सरांनी मला तिथून उचलून आणले.

इथे माझे दिवस पालटले. दोघे-दोघे एकदम चढायचे. कुणी एकच पाय टेकवून मला शेंडी लावू पाहायचा. सर हसून म्हणायचे, "हा काटा कुणाच्या बापाचं ऐकत नाही." मी हुरळून जायचो.

त्या मुलांत एक मुलगी होती. पकडीतून गर्रकन फिरून निसटायची म्हणून सरांनी तिचे नाव भिंगरी ठेवले. सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा माझ्यावर चढली, तेव्हा एकवीस किलो भरली. दर महिन्याला यायची आणि उतरताना मला थोपटायची. तिला वाढताना जितके नीट मी पाहिले, तितके कुणीच पाहिले नसेल. अकराव्या वर्षी तिने तेहतीस किलोच्या गटात पहिले पदक मिळवले. तिचे बाबा त्या दिवशी अख्ख्या हॉलला पदक दाखवत फिरले.

बाराव्या वर्षी ती साडेपस्तीस किलो भरली. मूल वाढते, त्यात नवल ते काय? पण बाबांनी तबकडी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"छत्तीसच्या गटात घालू की," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज कच्चा होता.

"तिथं सगळ्या थोराड मुली. तेहतीसमध्ये पदक हातचं आहे. दोन आठवडे आहेत, सर. अडीच किलो म्हणजे काय मोठंसं?"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघू या." मित्रांनो, त्या दोन शब्दांनी घात केला. भिंगरीला कुणी विचारलेच नाही.

मग जेवण अर्ध्यावर आले. अंगात दोन स्वेटर, आत प्लॅस्टिकचा कागद, आणि भर उन्हात हॉलभोवती फेऱ्या. स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये होती. आदल्या दुपारपासून तिचे पाणी बंद केले. सकाळी सात वाजता ती माझ्यावर चढली. तेहतीस किलो तीनशे ग्रॅम.

"वजन नोंदवायला अजून तासभर आहे," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या हातात एक रिकामी बाटली दिली. "यात थुंकत राहा. तेवढंच कमी होईल."

"बाबा, थुंकीच येत नाहीये."

ती पुन्हा धावली. पुन्हा चढली. तिचे तळवे कोरडे आणि गरम होते, आणि तिच्या पायांची थरथर माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचत होती. काटा तेहतीसवर थांबला. मला वाटले, आज एकदा तरी खोटे बोलावे. जास्त दाखवावे, म्हणजे हे तिला घरी नेतील. मला ते जमले नाही. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी उतरताना तिने मला थोपटले नाही.

तिला दोन घोट पाणी मिळाले. "जास्त नको, पोट जड होईल," हे सरच म्हणाले. अकरा वाजता दुसऱ्या कुस्तीत ती गादीवर नुसतीच बसली.

"सर, मला दिसत नाहीये," ती म्हणाली.

"नाटकं करू नको, ऊठ," बाबा कडेवरून ओरडले. ती आज्ञाधारक मुलगी होती. उठली, आणि पडली.

हॉलमध्ये डॉक्टर नव्हता. गाडी शोधण्यात वेळ गेला. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता, तो खुर्ची हातात घेऊन तसाच उभा राहिला. भिंगरी गेली होती.

हॉल कित्येक महिने बंद राहिला. आणि मित्रांनो, त्या बंद दुपारींमध्ये माझ्यावर कुणीतरी चढू लागले. आधी एक पाय, मग दुसरा. तळवे कोरडे, गरम. काटा हळूहळू सरकायचा आणि तेहतीसवर थांबायचा. एकदा सर किल्ली घेऊन आत आले आणि त्यांनी ते पाहिले. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मला पूर्ण उघडले, पुन्हा मिटले आणि म्हणाला, "यात काही बिघाड नाही, सर." सरांनी माझ्यावर चादर टाकली. चादरीखालीही काटा सरकत राहिला.

एका दुपारी भिंगरीची आई आली. तिने स्वतःच चादर काढली आणि माझ्यासमोर गुडघे टेकले. दोन्ही हात फळीवर ठेवून ती दाबू लागली. काटा तेहतीसवर आला तशी ती थांबली.

"त्या दिवशी एवढी होती ना?"

सरांनी मान हलवली.

"आणि त्याच्या आधी? मी जेवू घालत होते तेव्हा?"

"साडेपस्तीस," सर म्हणाले.

तिने अंगातले सगळे बळ हातांत आणले. काटा साडेपस्तीसवर गेला आणि तिने तो तिथेच धरून ठेवला. काटा हलला नाही.

"एवढी माझी मुलगी," ती म्हणाली. "यातलं तुम्हाला काय जास्त झालं होतं?"

सर भिंतीला टेकून खाली बसले.

हॉल पुन्हा उघडला आहे. स्पर्धेला डॉक्टर असतो. गट मुलाच्या आहे त्या वजनावरून ठरतो, गटासाठी वजन उतरवत नाहीत. कडेवरून ओरडणाऱ्या पालकाला सर हाताला धरून बाहेर नेऊन बसवतात, आणि दारातल्या त्या बाकावर भिंगरीचे बाबा असतात. ते कुणाला काही सांगत नाहीत. त्यांच्याशेजारी बसल्यावर ओरडणारा आपोआप गप्प होतो.

दुपारी ती अजून येते. मी तिला पेलतो, दुसरे काय करणार? मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. खेळायला याल तेव्हा जेवून या, पाणी पिऊन या. आणि कुणी "थोडं कमी हवं" म्हणाले, तर माझ्यावरून खाली उतरा आणि घरी जा. तुमच्यातले जास्त असे काहीच नसते. मी मोजून सांगतो आहे.